आर्केडियाचं प्रोटी५ यूव्हीबी किट, डेझर्ट १२%: बेअर्डेड ड्रॅगनचं पिल्लू आणणार असाल तर आधी हे घ्या

आम्ही इथे इंग्लंडात रेडिंगला राहतो, लेकीचा दोन वर्षं हट्ट चालला होता म्हणून ऑक्टोबरात बेअर्डेड ड्रॅगनचं, म्हणजे घरी पाळतात त्या दाढीवाल्या सरड्याचं, पिल्लू आणलं. नऊ आठवड्यांचं, शेपटीसकट वीतभरही नाही. नाव ठेवलं कोकम. त्याच्यासाठी घेतलेल्या सगळ्या सामानात जर मी एकाच गोष्टीला पाचपैकी पाच देणार असेन तर ती आर्केडिया कंपनीची ही यूव्हीबी (उन्हात असतात ते अतिनील किरण) देणारी ट्यूब, ३९ वॉटची, चार फुटी व्हिव्हेरियमसाठी, म्हणजे त्याला ठेवायच्या पेटीसाठी. स्वस्त नाहीये हे आधीच सांगते.

पिल्लू घेतलं त्या दुकानाने सोबत एक स्टार्टर किट दिलं होतं, त्यात पिळाचा छोटा यूव्हीबी बल्ब, काचेला चिकटवायचा गोल थर्मामीटर आणि वाळूची पिशवी, यात सगळं आलं म्हणाले आणि आम्हीही तसंच लावलं. पाच दिवस कोकमने तोंड उघडलं नाही. लाकडाच्या ओंडक्याखाली डोळे मिटून बसायचा, समोरून किडे गेले तरी बघायचा नाही, लेक शाळेतून आली की आधी तिथे जाऊन बसायची आणि मग रडायची. नव्या घरी आलेलं पिल्लू दोन-चार दिवस कमी खातं हे नॉर्मल आहे, ते मी वाचलं होतं, पण हे काहीतरी वेगळं वाटत होतं.

शेवटी टेम्परेचर गन आणली आणि तो ज्या दगडावर शेकायला बसतो तिथे धरली तर ३१ डिग्री! तिथे हवं ३८ ते ४२. चिकटवलेला थर्मामीटर बिचारा भिंतीजवळची हवा मोजत होता. या प्राण्याला अंगात ऊब नसेल तर खाल्लेलं पचतच नाही, मग तो खाणार कसा? शेकण्याचा बल्ब मोठ्या वॉटचा घेतला, वाळू पूर्ण काढून वर्तमानपत्र अंथरलं (पिल्लं किड्याबरोबर वाळू गिळतात आणि पोटात अडकते) आणि त्याच शनिवारी ही ट्यूब बसवली.

सासूबाई तेव्हा सांगलीहून आलेल्या. त्या म्हणाल्या, अगं एवढा खर्च कशाला, बाळाला नाही का आपण तेल लावून कोवळ्या उन्हात धरत, तसं याला खिडकीत ठेव. आणि खरं सांगू, मूळ मुद्दा त्यांचा एकदम बरोबर होता, ड्रॅगनलाही उन्हातल्या यूव्हीबीनेच अंगात डी३ जीवनसत्त्व तयार होतं आणि ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम हाडांना लागतं, नाहीतर हाडं मऊ पडतात, जबडा आणि पाय वाकडे होतात. पण खिडकीची काच यूव्हीबी अडवते, आणि इथल्या ऑक्टोबरात ऊन असतं तरी कुठे. म्हणून ही ट्यूब.

पिळाचा बल्ब जेमतेम एका कोपऱ्यावर पडायचा. ही ट्यूब ३४ इंच लांब, मागे रिफ्लेक्टर, त्यामुळे गरम बाजूपासून जवळजवळ पाऊण पेटीभर लख्ख उजेड आणि थंड बाजूला सावली उरते, त्याला नको असेल तेव्हा तिथे जाऊन बसतो. आम्ही छताला आतून लावलीय, शेकायच्या दगडापासून साधारण १३ इंचावर, मध्ये जाळी नाही. जाळी असेल तर बराच यूव्हीबी तिथेच अडतो, तेव्हा अंतर परत बघावं लागेल.

दुसऱ्याच दिवशी तो दगडावर चढून तोंड उघडं टाकून शेकत बसला, आणि सोमवारी सकाळी पहिला टोळ खाल्ला! इथे दुकानात डब्यातून जिवंत टोळ मिळतात, क्रिकेटपेक्षा (म्हणजे रातकिड्यांपेक्षा) मला तेच बरे वाटतात, रात्री ओरडत नाहीत. आता हे ट्यूबमुळे की ऊब वाढल्यामुळे ते वेगळं काढता येणार नाही, पण इतका उजेड झाल्यावर त्याचे डोळे टक्क उघडे असतात हा फरक घरातल्या सगळ्यांना दिसला.

खायला घालायचं म्हणाल तर दिवसातून तीनदा, दहा मिनिटांत खाईल तेवढंच. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. दिवे लागल्यावर तासाभराने पहिलं जेवण आणि दिवे बंद व्हायच्या दोन तास आधी शेवटचं, म्हणजे पचायला ऊब मिळते. किड्यांना कॅल्शियम पावडर लावून द्यायची. उरलेले क्रिकेट हमखास काढा, रात्री झोपलेल्या पिल्लाला चावतात. भाजी रोज ठेवायची, रॉकेटची (सॅलडमध्ये घालतात ती) पानं, किसलेला भोपळा, थोडी कोथिंबीर. पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं. अ‍ॅव्होकाडो तर विषारीच.

आणि पहिला आठवडा उचलू नका हो. याच्या डोक्यावर मधोमध खरोखर तिसरा डोळा असतो, उजेड-सावली कळणारा, वरून हात आला की त्याला घार आल्यासारखंच वाटणार. आम्ही हात बाजूने, खालून न्यायला लागलो तेव्हापासून घाबरून गळ्याखालची दाढी काळी करणं थांबलं.

एक लक्षात ठेवा, ट्यूब दिसायला पेटलेली असते पण यूव्हीबी हळूहळू कमी होत जातो, वर्षाने बदलायची. मी टोकाला मार्करने तारीख लिहून ठेवलीय. सासूबाई परत गेल्यात, रोज व्हिडिओ कॉलवर आधी विचारतात, आज किती टोळ खाल्ले. काल अठरा.