पहिल्या स्वतःच्या स्की: एका हंगामाचा, २३ दिवसांचा अनुभव

नोव्हेंबरच्या शेवटी मी आयुष्यातल्या पहिल्या स्वतःच्या स्की विकत घेतल्या आणि एप्रिलमध्ये मेण लावून तळघरात ठेवल्या. मधल्या काळात २३ दिवस त्या माझ्या पायांत होत्या. बरेचसे दिवस म्युनिकहून रेल्वेने तासाभरावर असलेल्या लेंगग्रीसच्या ब्राउनेक डोंगरावर, एक आठवडा ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये विल्डर काइझरच्या उतारांवर आणि शेवटचे दोन दिवस हिंटरटुक्सच्या हिमनदीवर. नवशिकेपण संपलंय पण अजून तरबेज नाही, अशा टप्प्यावर कुणाला स्की घ्यायच्या असतील तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सगळं लिहितेय.

आधी माझी मापं सांगते, कारण ती माहीत नसतील तर माझ्या मताचा तुम्हाला काही उपयोग नाही. वय ४१, उंची १६३ सेमी, वजन ६१ किलो. चार हंगाम भाड्याच्या स्कीवर शिकले. निळ्या (सोप्या) उतारांवर निवांत असते, लाल (मध्यम कठीण) उतारांवर समांतर वळणं जमतात. पण उतार तीव्र झाला किंवा खाली कडक लागलं की स्कीची शेपटं घसरायची आणि मी नकळत नांगरात यायचे (पुढची टोकं जवळ आणि मागची फाकलेली, शिकाऊ लोक थांबायला करतात तसं). गुडघे राजगड-तोरण्यावर भरपूर वापरलेले आहेत, त्यांचाही विचार करावा लागतो.

स्कीच्या कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. मॉडेलांची नावं आणि वरची चित्रं दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. मापं पाहिलीत तर कुठल्याही चांगल्या कंपनीत जवळपासची जोडी मिळते. माझी अशी आहे: लांबी १५६ सेमी, कंबर ७८ मिमी, वळणाची त्रिज्या १३ मीटर, गाभा लाकडी, धातूचे पूर्ण लांबीचे पत्रे नाहीत, पायाखाली कमान आणि पुढच्या टोकाला थोडी उचल. कंबर म्हणजे बुटाखालची, स्कीची सगळ्यात अरुंद जागा. माझ्या मते दुकानात सगळ्यात आधी तिच्याबद्दलच विचारायला हवं.

विकत का घेतल्या? भाडं दिवसाला पस्तीस-चाळीस युरो जातं हे कारण होतंच, पण मुख्य कारण वेगळं होतं. भाड्याच्या काउंटरवर दर वेळी नवी जोडी हातात यायची. एक मऊ, एक ताठ, एकीच्या कडा इतक्या बोथट की नखावर ओढली तरी कीस निघत नसे. एखाद्या दिवशी डावीकडचं वळण बिनसलं तर चूक माझ्या पायाची की त्या कडेची, हे कळायला मार्गच नव्हता. रोज वेगळ्या सुराच्या पेटीवर गळा तयार करायला बसावं तसं चाललं होतं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला टिरोलमधल्याच श्टुबाईच्या हिमनदीवर एक दिवस चार जोड्या चालवून पाहिल्या. एकच उतार, प्रत्येक जोडीवर तीन फेऱ्या, आणि खाली आल्यावर लगेच फोनवर दोन ओळी. त्यात ९२ मिमी कंबरेची, आत धातूचे दोन पत्रे असलेली एक १६६ ची जोडी होती. तिच्यावर मी अक्षरशः तरंगले. बरोबर आलेला आमच्यातला एक तरुण मित्र, जो माझ्याहून फार छान स्की करतो, तो म्हणाला, “ताई, हीच घे. आज थोडी जड वाटेल, पण दोन वर्षांत तूच म्हणशील की बरं झालं. जरा वाढत्या अंगाची असलेली बरी.”

हा सल्ला मला फार आपला वाटला. शाळेचा गणवेश, पावसाळी बूट, सगळं आपल्याकडे वाढत्या अंगाचंच घेतात. त्या रात्री मी ती जोडी जवळजवळ मागवली होती. मग मागच्या हंगामाच्या नोंदी काढल्या. एकूण १७ दिवस. त्यातले किती दिवस घोट्यापर्यंत ताजा बर्फ होता? दोन. उरलेले पंधरा दिवस ब्राउनेकसारख्या डोंगरावर गेलेले, ज्याचा पायथा ७०० मीटरवर आणि माथा १५५५ मीटरवर. तिथला पुष्कळसा बर्फ यंत्राने पाडलेला असतो, रात्री यंत्रं फिरवून सपाट करतात आणि तो पहाटेपर्यंत गोठून लाकडासारखा होतो. श्टुबाईला मी उभी होते तीन हजार मीटरच्या आसपास, थंड, कोरड्या, मैद्यासारख्या बर्फावर. तिथे आवडलेली स्की माझ्या नेहमीच्या डोंगरावर मला आवडलीच असती असं नाही. मराठीत आपण या सगळ्याला ‘बर्फ’च म्हणतो, पण स्की घेताना मैदा, रवा, भिजलेला साबुदाणा आणि फरशी हे चार वेगळे पदार्थ धरावे लागतात.

कंबरेचं गणित असं. स्की कलती केली की कड बर्फात रुतते. कंबर अरुंद असेल तर ती कड जवळजवळ पावलाच्या खालीच असते, कलायला जोर कमी लागतो आणि एका कडेवरून दुसऱ्या कडेवर चटकन जाता येतं. रुंद स्कीत तीच कड पावलापासून बाहेर सरकते. कडक बर्फावर तिथून लागणारा दाब गुडघ्याला पिळतो. भुसभुशीत बर्फात मात्र रुंदीच तुम्हाला वर ठेवते. म्हणजे ७८ घेताना मी ताज्या बर्फातला आनंद जाणूनबुजून सोडला, आणि तो फेब्रुवारीत मला आठवलाही. एका रात्रीत जवळपास गुडघाभर पडला होता. माझी टोकं सारखी बुडत होती, मित्र बाजूने हसत तरंगत गेला. तो एक दिवस सोडला तर निर्णयाचा पश्चात्ताप झालेला नाही.

लांबीबद्दल ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी मला सांगत होते की हात वर केल्यावर मनगटापर्यंत पोचेल एवढी स्की हवी. ते सत्तरच्या दशकात शिकले, तेव्हाच्या सरळसोट स्कींना तो हिशेब बरोबरच होता. १९९३ मध्ये स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने ‘एससीएक्स’ ही खोल कंबरेची स्की आणली आणि पुढच्या काही वर्षांत सगळ्यांच्याच स्की कमरेत बारीक आणि लांबीला आखूड झाल्या. आता आपल्या टप्प्यावर हनुवटी ते कपाळ हे माप पुरतं. १५६ माझ्या डोळ्यांच्या जरा वर येते. १४९ घेतली असती तर सोपी गेली असती, पण लाल उतारावर वेग वाढला की थरथरली असती. त्या लांबीची भाड्याची जोडी तशीच थरथरायची.

आता वापराबद्दल. पहिल्या दोन दिवसांत फार फरक जाणवला नाही, उलट नव्या कडा इतक्या धारदार की सपाट जागीही स्की मध्येच अडकायची. दुकानात टोकाकडची आणि शेपटाकडची धार किंचित मारून घेतली आणि ते थांबलं. चौथ्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली: उजवीकडचं वळण स्वच्छ कापलं जातंय, मागे दोन बारीक रेघा उमटताहेत, डावीकडे मात्र रुंद फराटा. स्की तीच, उतार तोच. म्हणजे चूक माझीच, उजवा पाय पूर्ण भार घेत नव्हता. चार हंगाम जे कळलं नव्हतं ते तेव्हा कळलं. त्यानंतर महिनाभर मी फक्त तेवढंच केलं, निळ्या उतारावर, हळू. जानेवारीच्या शेवटी दोन्ही बाजूंना रेघा उमटल्या तेव्हा मी उताराच्या कडेला थांबून त्यांचा फोटो काढला.

मऊसर स्कीचा खरा गुण इथे दिसला. तिला वाकवायला शर्यतीचा वेग लागत नाही, माझ्या ६१ किलोंत आणि मध्यम वेगात ती वाकते आणि वळते. धातूच्या त्या ताठ जोडीवर हा धडा मला मिळाला नसता, कारण ती माझ्या वेगाला वाकलीच नसती. वाढत्या अंगाचा शर्ट सैल असला तरी घालता येतो. ताठ स्कीवर मात्र माणूस मागे झुकतो, आणि मागे झुकण्याची सवय लागली की मोडायला फार कठीण.

तोटेही सांगते. जोरात गेलं की टोक फडफडतं. रुळावरच्या सरकत्या बाइंडिंगमुळे (बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडताना सोडणारी पकड) जोडी जड आहे, स्टेशनपासून रोपवेपर्यंत खांद्यावर घेऊन जाताना ते कळतं. मार्चमध्ये दुपारी बर्फाचा भिजलेला साबुदाणा होतो, त्यात ढिगाऱ्यांवर ती इकडेतिकडे फेकली जाते. मी दीड वाजता थांबायला शिकले. वरच्या आवरणाचे टवके दहाव्या दिवसापासूनच उडायला लागले, त्याने चालण्यात काही फरक पडत नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, बाइंडिंग. जानेवारीत एका साध्या वळणात माझी डावी स्की आपोआप सुटली. पडले, लागलं नाही, पण मागून कुणी येत असतं तर? खाली येऊन बाइंडिंग बसवताना दुकानाने दिलेली चिठ्ठी काढली. त्यावर बुटाच्या तळव्याची लांबी ३०८ मिमी लिहिली होती. माझ्या बुटाच्या टाचेवर कोरलेला आकडा २८८ आहे. बाइंडिंग किती जोराला सुटावं हा आकडा वजन, उंची, वय, स्की करण्याची पद्धत आणि तळव्याची लांबी यांवरून तक्त्यात पाहतात. लांब तळवा म्हणजे लांब तरफ, म्हणून त्याला आकडा कमी लागतो. माझ्या बाबतीत तो चुकून कमी बसला होता. दुसऱ्या ठिकाणी यंत्रावर तपासून नीट करून घेतलं, त्यानंतर हंगामभर त्रास नाही. माझा आकडा इथे लिहीत नाही, कुणी तो स्वतःला लावू नये म्हणून. पण चिठ्ठी हातात आली की तिथेच उभं राहून बुटावरचा आकडा ताडून बघा. वजन खरं सांगा, आणि स्वतःला आहात त्याहून धीट सांगू नका.

बुटांचं ओघाने आलंच. मी बूट वर्षभर आधी घेतले होते, आणि पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर अजूनही बूटच आधी घ्या म्हणेन. सैल बुटात पाय कलतो आणि स्की तशीच राहते. तळवे ग्रिपवॉकचे (चालायला सोपे, खालून किंचित गोलाकार) असतील तर बाइंडिंगवरही ते चिन्ह आहे ना, एवढं पाहायचं.

देखभाल वाटली होती त्याहून कमी. रोज कोरड्या फडक्याने कडा पुसते, नाहीतर रात्रीत गंज धरतो. कडक बर्फाचे पाच-सहा दिवस झाले की धार उतरते, तेव्हा ८८ अंशांच्या साच्यात कानस धरून टोकाकडून शेपटाकडे हलके हात मारते. पहिल्या वेळी तास लागला, आता वीस मिनिटं. मार्चमध्ये एका दगडाने तळाला ओरखडा पडला, तो दुकानात भरून घेतला.

किंमत: आदल्या वर्षीचं मॉडेल म्हणून बाइंडिंगसकट ४२० युरो. वर्षात आठ-दहा दिवसांपेक्षा कमी जात असाल, किंवा अजून निळ्या उतारावर भीती वाटत असेल, तर घेऊ नका. चांगल्या प्रतीची भाड्याची जोडी मागा आणि तिची मापं लिहून ठेवत जा.

सध्या स्की तळघरात उभ्या आहेत. तळावर मेणाचा जाड थर न खरवडता तसाच ठेवलाय, कडांवरही थोडं ओढलंय, आणि कमान दाबली जाऊ नये म्हणून पट्टा ढिला बांधलाय. ऑक्टोबरमध्ये मेण काढायचं आणि बाइंडिंग पुन्हा यंत्रावर तपासायचं. माझं वजन दोन किलोंनी बदललंय, तेव्हा चिठ्ठी नवीन करून घेणार आहे.