नहाणी ट्रॅपची सिलिकॉन झडप: वास अडवते, पण कुठला ते आधी बघा

क्वचित वापरल्या जाणाऱ्या बाथरूमसाठी जाळीखालच्या पाइपात बसणारी ही झडप उत्तम: पाणी खाली गेलं की तिचे पातळ ओठ मिटतात. तिथे ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखाली वास अडवायला साठून राहणारं पाणी आटतं आणि गटाराचा वास थेट वर येतो. विकत घेण्याआधी मात्र ट्रॅपमध्ये दोन तांबे पाणी ओता. तासाभरात वास गेला तर कारण हेच. नाहीच गेला तर बेसिनखाली वाका: वेस्ट पाइप जमिनीत शिरतो तिथली फट बऱ्याच घरांत उघडीच असते. तिला साधी रबरी रिंग पुरते, झडप कशाला?

माप जाळीचं नव्हे, आतल्या पाइपाचं घ्या. कडेला फट राहिली तर पैसे पाण्यात. पातळ ओठांत केस अडकले की झडप मिटत नाही, म्हणून दर आठवड्याला काढून धुवा. बादली एकदम उपडी केली तर पाणी तुंबतं, एवढं सोसायची तयारी हवी.