नवा विनोद आधी मंचावर की यूट्यूबवर?

ओपन माइक, म्हणजे कुणीही मंचावर येऊन विनोद आजमावू शकतो असे कार्यक्रम, करणाऱ्या मैत्रिणीचा प्रश्न: पाच मिनिटांचे नवे विनोद लगेच ऑनलाइन टाकू?

मेहनत दोन्हीकडे आहेच. मंचाला रात्री द्याव्या लागतात, व्हिडिओला कॅमेरा आणि संपादन. खरा फरक टिकण्यात आहे. गाणं पुन्हा ऐकायला लोक येतात, पण विनोदाचा शेवट ठाऊक असला की हशा ओसरतो. मंचावर तोच विनोद पन्नासदा तासता येतो, फसला तर तिथेच विरतो. ऑनलाइन कच्चा तुकडा कायमचा फिरतो. म्हणूनच अमेरिकी विनोदवीर डेव्ह शॅपेलने २०१५ मध्ये शिकागोत प्रेक्षकांचे फोन कुलूपबंद पाकिटांत ठेवायला लावले.

लोकांत अजून ओळखच नसेल तर प्रेक्षकांशी उत्स्फूर्त गप्पांच्या क्लिप टाकाव्यात. त्यात लिहिलेलं साहित्य खर्ची पडत नाही. तासाभराचा तिकीट-शो बांधायचा असेल तर नवं मंचावरच ठेवावं.