चाकणचा वजनकाटा : पिकअपमागे ट्रेलर ओढणाऱ्यांनी ब्रोशर बाजूला ठेवा आणि आधी इथे गाडी लावा

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापलाय तो धुळीसाठी आणि रांगेसाठी, ते खाली लिहितो. चाकणहून शिक्रापूर रोडला लागलं की वजनकाटे बरेच दिसतात, मी म्हणतोय तो पेट्रोल पंपाला लागून असलेला, ६० टनी, एकच लांब प्लॅटफॉर्म, खड्डा खणून जमिनीच्या लेव्हलला बसवलेला. हे लेव्हलचं मुद्दाम सांगतोय. आपल्याला नुसतं सगळ्या गाडीचं वजन नकोय, पुढच्या चाकांवर किती आणि मागच्या चाकांवर किती हे वेगवेगळं हवंय, आणि अर्धी गाडी काट्यावर अर्धी बाहेर अशी उभी करायची तर बाहेरची जमीन काट्याच्या बरोबरीला पाहिजे, नाहीतर आकडा चुकतो. चढाचा रॅम्प असलेल्या काट्यावर हे काम नीट होत नाही.

माझ्याकडे डबल कॅब पिकअप आहे आणि मागे ओढायचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर, पासिंग वगैरे सगळं रीतसर करून घेतलेला. दादा टेक्सासहून सुट्टीवर आला होता, त्याच्या डोक्यात तिकडे फिफ्थ व्हील ट्रेलर घ्यायचं चाललंय, वहिनी आणि पोरं पण मागे लागलीयेत. फिफ्थ व्हील म्हणजे काय ते चाकणमध्ये कुणाला समजवायला नको, कंटेनरच्या हॉर्सवर, म्हणजे ओढणाऱ्या पुढच्या गाडीवर, मागे जी ग्रीस लावलेली गोल प्लेट असते आणि ट्रेलरची किंगपिन, म्हणजे खालची जाड खुंटी, जिच्यात अडकते तीच, फक्त अमेरिकेत तिची छोटी आवृत्ती पिकअपच्या हौद्यात बसवतात आणि त्यावर अख्खं घर ओढतात. दादा रोज फोनवर एकच आकडा दाखवायचा, टोइंग कपॅसिटी, म्हणजे गाडी मागे किती वजन ओढू शकते ते, ११,००० पाउंड, ट्रेलर १०,००० चा, म्हणजे बसतंय की! मी म्हटलं आधी काट्यावर चल, मग बोलू.

आता काट्यावरच्या काकांबद्दल. इतका शांत माणूस मी या धंद्यात पाहिला नाही. मागे कंटेनरवाले हॉर्न मारतायत आणि आम्ही दोघं पिकअप पुढेमागे करतोय, तरी काका केबिनच्या खिडकीतून सांगतायत, "साहेब, अजून वीतभर पुढं घ्या, पुढची चाकं काट्याच्या बाहेर जाऊ द्या. आणि ब्रेक सोडा की, ब्रेक दाबून धरला की आकडा नाचतो." हे शेवटचं कुणी सांगत नाही. गाडी न्यूट्रल, ब्रेक सुटा, आकडा थांबेपर्यंत दम धरायचा.

आकडे देतो, कारण सगळी मजा त्यातच आहे. काटा १० किलोच्या टप्प्याने दाखवतो. नुसता पिकअप, आम्ही दोघं आणि सामान धरून, २१६० किलो, त्यातलं पुढच्या चाकांवर ११२० आणि मागच्या चाकांवर १०४०. नुसता ट्रेलर ९८० किलो. हा ट्रेलर रिकामा ७५० चा, पण १०० लिटर पाणी म्हणजे सरळ १०० किलो, वर बॅटरी, तंबू, भांडी, ५ किलोचा सिलेंडर, खुर्च्या, आणि वजन कुठून चढलं ते कळतसुद्धा नाही. मग ट्रेलर जोडून फक्त पिकअप काट्यावर, ट्रेलरची चाकं बाहेर, आकडा आला २२७०. म्हणजे ट्रेलरच्या दांड्याचा भार गाडीवर ११० किलो, साधारण ११ टक्के. बॉलवर, म्हणजे गाडीच्या मागे बसवलेल्या लोखंडी गोळ्यावर, लावायच्या ट्रेलरला हा भार १० ते १५ टक्क्यांत असावा लागतो, कमी झाला की ट्रेलर हायवेवर शेपटीसारखा हलायला लागतो, त्यामुळे आपलं बरोबर बसलं म्हणून मला फार बरं वाटलं.

पण खरी गोष्ट पुढची. जोडल्यावर पुढच्या चाकांवर १०८० आणि मागच्या चाकांवर ११९०. भार आला ११० चा, पण मागच्या ॲक्सलवर वाढले १५० आणि पुढून ४० कमी झाले! कारण बॉल मागच्या ॲक्सलच्याही मागे असतो, त्यावर दाब आला की गाडीचं नाक उचललं जातं. पुढची चाकं म्हणजे स्टिअरिंग, पुढची चाकं म्हणजे निम्म्याहून जास्त ब्रेक. खंबाटकी घाट उतरताना मला ते ४० किलो पुढेच हवेत. फिफ्थ व्हीलची प्लेट मागच्या ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे बसवतात ती याचसाठी, नाक उचललं जात नाही आणि एवढा मोठा ट्रेलर असूनही तो फारसा हलत नाही. दादाला हे कागदावर आधी सांगितलं होतं, पण काट्याच्या स्क्रीनवर आकडा हलताना बघितल्यावर तो जो गप्प झाला ना, मग पावतीच्या मागेच त्याच्या ट्रेलरचं गणित मांडायला बसला.

त्याचं गणित असं. बॉलवर १० ते १५ टक्के भार येतो, फिफ्थ व्हीलच्या पिनवर मात्र १५ ते २५ टक्के येतो. १०,००० पाउंडांचा भरलेला ट्रेलर धरला आणि २० टक्के धरले तर २,००० पाउंड सरळ हौद्यात, म्हणजे ९०० किलोच्या वर. हिचची प्लेट, म्हणजे हौद्यातलं ट्रेलर अडकवायचं जोडसाधन, दीडशे. दादा, वहिनी, दोन पोरं आणि त्यांचं किडूकमिडूक सहाशे धरा. झाले २,७५०. आणि तो बघत होता त्या हाफ-टन, म्हणजे तिकडच्या सगळ्यात हलक्या मोठ्या-पिकअप वर्गातल्या, गाडीच्या ड्रायव्हर दरवाजाच्या खांबावर जो टायर-लोडिंगचा स्टिकर असतो त्यावर पेलोड, म्हणजे गाडीने स्वतःवर घ्यायचं वजन, लिहिलेलं १,७०० पाउंड, माणसं आणि सामान सगळं धरून. म्हणजे टोइंगचा आकडा हजार पाउंड शिल्लक दाखवतोय आणि पेलोड हजार पाउंडांनी फाटलंय, एकाच गाडीवर, एकाच वेळी!! ब्रोशरमध्ये पिनचा भार १,४०० लिहिलेला असतो तो रिकाम्या ट्रेलरचा, त्यात पाणी नाही, गादी नाही, धान्य नाही, काही नाही.

टोइंगचा आकडा खोटा असतो असं मी म्हणत नाही. अमेरिकेत त्याला एसएई या गाड्यांच्या इंजिनिअर लोकांच्या संस्थेचं जे-२८०७ हे स्टँडर्ड आहे, ॲरिझोनात डेव्हिस डॅमपासूनचा साधारण ११ मैलांचा चढ एसी फुल लावून ठराविक स्पीडच्या खाली न जाता चढायचा, वगैरे चांगली कडक टेस्ट आहे. पण त्या टेस्टमध्ये पिकअपमध्ये १५० पाउंडांची दोन माणसं धरलेली असतात, बाकी गाडी जवळजवळ रिकामी. आपल्याकडे दोन माणसं घेऊन कॅम्पिंगला कोण जातं? आजीपासून कुत्र्यापर्यंत सगळे येतात. जेवढं वजन गाडीत चढेल तेवढं मागे ओढायच्या वजनातून जातं, आणि सनरूफ, लेदर, फोर बाय फोर असलं जे जे वरचं मॉडेल घ्याल त्यात गाडीच जड होते आणि स्टिकरवरचा आकडा खाली येतो. म्हणून स्टिकर त्याच गाडीचा बघायचा जी घरी न्यायची आहे, शोरूममधल्या शेजारच्या गाडीचा नाही.

मग उत्तर काय, तर एफ-२५० किंवा रॅम २५०० च्या, म्हणजे हाफ-टनच्या वरच्या जड पिकअपच्या वर्गात जा. त्यातही मोठं डिझेल इंजिन घेतलं तर इंजिनचंच वजन पेलोड खातं, त्यामुळे बऱ्याचदा थेट एक-टनी वर्गातला एफ-३५० किंवा ३५०० जास्त सरळ पडतो, किमतीत फरक तेवढा मोठा नसतो. दादाला मी अजून एक सांगितलं, हौदा साडेपाच फुटी घेऊ नकोस, वळताना ट्रेलरचं नाक केबिनच्या काचेला लागायची भीती, मग सरकणारं हिच लावा, ते अजून जड आणि अजून महाग. आठ फुटी हौदा घ्या आणि निवांत वळा. हौद्याच्या कडेपासून ट्रेलरच्या तळाला साधारण सहा इंच मोकळे राहायला हवेत, खड्ड्यात दोन्ही वेगवेगळे डोलतात तेव्हा तेच वाचवतात.

तिकडे हायवेच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल म्हणून काटे असतात, प्लॅटफॉर्मचे तुकडे केलेले, एकदा उभं राहिलं की पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर असे तीन आकडे एकाच कागदावर. आपल्याकडे एकच प्लॅटफॉर्म म्हणून गाडी सरकवत बसावं लागतं, आणि पावतीवर ग्रॉस (भरलेलं), टेअर (रिकामं), नेट (दोन्हीतला फरक) एवढंच छापून येतं, ॲक्सलचे आकडे स्वतः लिहून घ्यायचे. या काट्यावर एक फार आवडलं, वैधमापनवाल्यांचा, म्हणजे वजनकाटे तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, पडताळणीचा दाखला केबिनच्या काचेवरच लावलेला आहे, तारीख चालू वर्षाची. ही पडताळणी दर बारा महिन्यांनी करावी लागते, कुठल्याही काट्यावर गेलात तर आधी तो कागद बघा, नसेल तर सरळ पुढच्या काट्यावर जा.

पैसे काकांनी दोनच वजनांचे घेतले, मधले आकडे "स्क्रीनवर बघून लिहून घ्या" म्हणाले, मी तरी जास्तीचे देऊन आलो कारण वेळ त्यांचा बराच घेतला होता. धूळ मात्र प्रचंड, लहान पोरं असतील तर खाली उतरवू नका, आणि बसायला काही सोय नाही. संध्याकाळी कंपन्या सुटल्या की कंटेनरची रांग रोडपर्यंत येते, तेव्हा हा असला प्रयोग करायला जाऊ नका, त्यांचंही पोट आहे. रविवारी सकाळी लवकर गेलात तर काटा मोकळा असतो. टाकीत पाणी भरून, सगळी माणसं बसवून, जसे ट्रिपला निघता तसेच जा, आणि ट्रेलर सोडून ठेवायला शेजारच्या पंपावाल्याला आधी विचारून घ्या, आम्हाला त्याने हवेच्या मशीनमागची जागा दिली होती. यूपीआय चालतं.