सहावीतल्या लेकीसाठी गणिताची पुस्तकं, आमचा दीड वर्षाचा अनुभव

माझी लेक सहावीत आहे, शाळेचं गणिताचं पुस्तक जूनमध्येच वाचून काढते आणि मग वर्षभर वर्गात नुसती बसून राहते. बाईंनीच सांगितलं की हिला अजून काहीतरी द्या. ते काहीतरी शोधण्यात आमचं दीड वर्ष गेलं, म्हणून लिहितेय.

आधी एक फाउंडेशन क्लास लावला, नाव घेत नाही. फी दणदणीत आणि शिकवलं काय तर नववी-दहावीचा पोर्शन सहावीत, सूत्र पाठ करा, एकाच साच्याची पन्नास गणितं सोडवा, आठवड्याला टेस्ट. तीन महिन्यांत ती म्हणायला लागली, "आई, उत्तर येतं पण का येतं ते कुणी सांगतच नाही." बंद केला.

मग पुण्याच्या पुस्तकबाजारात, अप्पा बळवंत चौकात फिरलो. तिथे ऑलिंपियाड (गणिताच्या अवघड स्पर्धा) म्हटलं की स्कॉलरशिपसारखी गाईडं पुढे करतात, ती नकोत. आम्हाला हवं ते शेवटी मिळालं, मॅथेमॅटिकल सर्कल्स, लेनिनग्राडमधल्या मुलांच्या गणितमंडळांतून आलेलं पुस्तक, युनिव्हर्सिटीज प्रेसची भारतीय आवृत्ती आहे त्यामुळे परवडतं. सम-विषमच्या धड्यात सुरुवातीलाच 11 दातेरी चाकांची गोल साखळी आहे, सगळी एकदम फिरतील का? सूत्र नाही, बीजगणित नाही, काहीच लागत नाही. हिने आधी 3 चाकं काढली, मग 4, मग 5, बाण काढून काढून वहीची चार पानं भरली आणि रात्री जेवताना एकदम ओरडली, "अगं शेजारची चाकं उलटीच फिरणार ना, मग पहिलं आणि अकरावं एकाच दिशेला येतं, अडकणारच!" क्लासच्या तीन महिन्यांत मी हा चेहरा एकदाही पाहिला नव्हता.

त्रास पण सांगते. मागे उत्तरं आणि हिंट आहेत पण सगळ्या गणितांची पूर्ण रीत नाही, इंग्रजी त्रोटक आहे, मराठी मीडियमच्या मुलाला शेजारी कुणीतरी बसावंच लागेल. आठवड्याला तीन-चार गणितंच होतात आणि तेवढीच होऊ द्या.

आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग या अमेरिकन संस्थेचं प्रीअल्जिब्रा हे पुस्तक पण घेतलं. एकटीने वाचायला हेच जास्त सोपं, आधी प्रश्न टाकतात, मग समजावतात, सोल्युशन्सचं पुस्तक वेगळं घ्यावं लागतं आणि इम्पोर्टेड असल्याने महाग पडतं. त्यांच्या साइटवरचं अल्कुमस, म्हणजे सरावाची ऑनलाइन गणितं, मात्र फुकट आहे, पैसे घालण्याआधी महिनाभर ते वापरून बघा. ऑनलाइन कोर्स आम्ही नाही घेतला, अमेरिकेतल्या संध्याकाळच्या वेळा म्हणजे आपल्याकडे पहाट, आणि शाळेच्या दिवशी ते जमणार नाही.

चॅलेंज अँड थ्रिल ऑफ प्री-कॉलेज मॅथेमॅटिक्स सगळेच सुचवतात, पुस्तक उत्तमच आहे पण सहावीत अजिबात नको, नावातच प्री-कॉलेज आहे. आम्ही कपाटात ठेवलंय आठवी-नववीसाठी.

पुण्यात राहणाऱ्यांनी लॉ कॉलेज रोडजवळच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानात नक्की चौकशी करा. 1976 साली प्रा. श्रीराम अभ्यंकरांनी सुरू केलेली गणिताची संस्था, ऑलिंपियाडचं मार्गदर्शन तिथे वर्षानुवर्षं चालतं. आयओक्यूएमचं, म्हणजे ऑलिंपियाडच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेचं म्हणाल तर 3 तासांत 30 प्रश्न, त्याला अजून वेळ आहे आणि मी तिच्यासमोर विषयही काढत नाही.

एकच घ्यायचं असेल तर सर्कल्स घ्या. आमची सध्या ग्राफ्सच्या (ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा) धड्यावर आहे, कालच आजोबांना विचारलं, 9 जणांपैकी प्रत्येकाने बरोब्बर तिघांशी शेकहँड केला, असं होऊ शकतं का? आजोबा सकाळपासून कागद घेऊन बसलेत आणि ती त्यांना हिंट द्यायला तयार नाही.