आधी चव, मग तिखट

अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लीन्समधील ट्रेमे या जुन्या कृष्णवर्णीय वस्तीत, ऑर्लीन्स अव्हेन्यूवर ‘डूकी चेज’ हे रेस्टॉरंट १९४१ पासून चालू आहे. त्याच्या मालकीणबाई लीआ चेज १ जून २०१९ रोजी, ९६ वर्षांच्या असताना वारल्या. नव्वदी ओलांडल्यानंतरही त्या रोज स्वयंपाकघरात येत असत. त्यामुळे त्यांच्या पश्चात तिथे जेवायला जाताना माझ्या मनात एकच शंका होती, ती म्हणजे जे घर इतकी वर्षे एका बाईच्या जिभेवर चालले, तिथली चव आता कोण राखत असेल?

गंबो म्हणजे लुईझियानाचा दाट रस्सा; त्याच्या पहिल्याच घासाने माझी शंका फिटली. क्रिओल (म्हणजे इथल्या मिश्र संस्कृतीतल्या) पद्धतीच्या गंबोचा रस्सा तेलात परतलेल्या पिठावर बांधलेला असतो, आणि ते पीठ तांबूस होऊन करपण्याच्या किंचित आधी थांबवावे लागते. लाडवांसाठी ज्याने बेसन भाजले आहे त्याला या एका क्षणाची किंमत वेगळी सांगायला नको. खेकडा, कोळंबी, कोंबडी आणि दोन तऱ्हेची सॉसेजेस एकाच वाडग्यात असूनही कोणी कोणावर कुरघोडी करत नाही. शेवटी पडणाऱ्या ‘फिले’मुळे, म्हणजे ससाफ्रास झाडाच्या वाळलेल्या पानांच्या पुडीमुळे, रस्सा दाट होतो आणि त्याला ओल्या मातीसारखा मंद वास येतो. तळलेली कोंबडीही उत्तम होती, पण मी पुन्हा जाईन ती गंबोसाठीच.

लीआबाईंचा जन्म १९२३चा, लुईझियानातीलच मॅडिसनव्हिल या लहान गावातला. तिथे कृष्णवर्णीय मुलींसाठी कॅथलिक हायस्कूल नव्हते म्हणून त्या न्यू ऑर्लीन्सला आल्या, पुढे फ्रेंच क्वार्टर या शहराच्या जुन्या भागात वेट्रेस म्हणून राबल्या (मधल्या काळात त्यांनी दोन हौशी मुष्टियोद्ध्यांचा कारभारही सांभाळला, हे कळल्यावर मी थक्कच झाले) आणि १९४६ मध्ये ट्रम्पेटवादक एडगर ‘डूकी’ चेज यांच्याशी लग्न करून या घरात सून म्हणून आल्या. सासरचे दुकान तेव्हा सँडविचेस आणि लॉटरीच्या तिकिटांवर चालत असे. गोऱ्यांच्या हॉटेलांत टेबलावर जी स्वच्छ चादर आणि नीट मांडलेले काटे-चमचे असतात, ते आपल्या माणसांना का मिळू नयेत, एवढाच या सुनेचा प्रश्न होता. उत्साहाच्या भरात त्यांनी लॉब्स्टर थर्मिडोर हा शेवंडाचा उंची फ्रेंच पदार्थही मेनूत घालून पाहिला, पण गिऱ्हाइकांनी त्याकडे पाठ फिरवली, तेव्हा लोक घरी जे खातात तेच थाटाने वाढायचे, हे त्यांना उमगले. आजचा मेनू त्याच जागी उभा आहे.

काळ्या-गोऱ्यांनी एका टेबलावर जेवणे लुईझियानात बेकायदा होते, त्या काळात नागरी हक्क चळवळीतली दोन्ही वर्णांची माणसे येथे वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसून गंबो खात आणि बेत आखत; मार्टिन ल्यूथर किंगही येथे येऊन गेले. खाली भिंतींवर आफ्रिकी-अमेरिकी चित्रकारांची चित्रे आहेत, आणि जेवणाआधी ती उभे राहून पाहण्यासाठी दहा मिनिटे हाताशी ठेवावीत. २००५च्या कॅटरिना वादळात रेस्टॉरंट पाण्याखाली गेले, पण नातवाने हलवल्यामुळे चित्रे वाचली. ऐंशी पार केलेल्या लीआबाई आणि त्यांचे पती समोरच सरकारी ट्रेलरमध्ये राहिले आणि २००७ मध्ये दार पुन्हा उघडले. त्या वयात मिळालेला विमा घेऊन स्वस्थ बसणे कोणीही समजून घेतले असते.

शाकाहाऱ्यांनी मात्र जाण्यापूर्वी चौकशी करावी. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, येथे होणारा ‘गंबो झेब’ ऐकायला थेट ऋषिपंचमीच्या भाजीसारखा वाटतो: मोहरीचा पाला, बिटाचा पाला, पालक, कोबी अशा नऊ पालेभाज्या, संख्या नेहमी विषम, आणि जितके पाले तितके नवे मित्र वर्षभरात जोडले जातात अशी समजूत. पण दुसऱ्या दिवशीच्या उपवासाआधीचे ते भरपेट जेवण असल्यामुळे त्यात हॅम आणि सॉसेज सढळ हाताने पडते.

२००८च्या निवडणूक प्रचारात बराक ओबामा येथे जेवायला आले असता त्यांनी चव न घेताच गंबोत तिखट सॉस ओतला, आणि लीआबाईंनी त्यांना तिथल्या तिथे दटावले. मला स्वतःला जेवणात तिखट जरा जास्तच लागते. तरीही माझ्या टेबलावरची बाटली वाडगा रिकामा होईपर्यंत जागची हलली नाही.