सुईची भीती आणि हिप्नोथेरपी : कोथरूडमधल्या एका क्लिनिकचा अनुभव (५ पैकी ४)

इंजेक्शन म्हटलं की ज्यांच्या डोळ्यापुढे अंधारी येते त्यांच्यासाठी लिहितेय. घरचे याला नाटकं म्हणायचे, पण थायरॉइडसाठी सारखं रक्त तपासायची वेळ आली तेव्हा टाळायला जागाच उरली नाही, म्हणून कोथरूडमधल्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे हिप्नोथेरपीसाठी, म्हणजे संमोहनाच्या उपचारासाठी गेले. नाव मुद्दाम टाकत नाहीये, माणूस कसा निवडायचा ते जास्त महत्त्वाचं.

पहिल्या सेशनला संमोहन झालंच नाही, नुसते प्रश्न. छाती धडधडते की चक्कर येते, कधी बेशुद्ध पडलात का वगैरे. हे का विचारतात ते नंतर कळलं. कुत्रा, लिफ्ट, उंची असल्या फोबियात ठोके आणि बीपी वाढतं, त्यामुळे सहसा कोणी पडत नाही, पण रक्त आणि सुईच्या फोबियात बीपी आधी चढतं आणि मग धाडकन उतरतं, म्हणून माणूस कोसळतो. अशा पेशंटला नुसतं "अंग सैल सोडा" सांगून भागत नाही, उलट त्याने चक्कर यायचीच शक्यता. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात यावर पद्धत बसवली: हात, पाय, पोट १०-१५ सेकंद घट्ट आवळायचं, चेहरा गरम वाटायला लागला की सोडायचं, २०-३० सेकंद थांबून परत. मॅडमनी आधी हे पक्कं करून घेतलं, मग संमोहन.

आणि संमोहन म्हणजे स्टेजवर लोकांना नाचवतात तसलं काही नाही हो. बाहेरचे रिक्षाचे हॉर्न मला ऐकू येत होते, वाटलं असतं तर उठून निघाले असते. मॅडम हळू आवाजात लॅब उभी करायच्या, खुर्ची, स्पिरिटचा वास, दंडाला बांधलेला रबरी पट्टा... पट्ट्यापाशी माझे तळहात गार पडायचे, तिथे त्या थांबायच्या, मूठ आवळायला लावायच्या, पुढे ढकलायच्या नाहीत. याचं मला फार कौतुक वाटलं.

पुढे खरीखुरी सिरिंज आली, आधी फोटो, मग टेबलावर, मग हातात. माझ्या मते मोठं काम या पायऱ्यांनी केलं. फोबियावर सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो या एक्सपोजरचाच, म्हणजे भीतीच्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरं जाण्याचाच; संमोहनाने तिथवर जायची हिंमत दिली. शेवटी लॅबमध्ये झोपून रक्त दिलं, पाय आवळून धरले होते, चक्कर आली नाही. सुईकडे अजून बघवत नाही, पण टेस्ट आता चुकत नाही.

एक स्टार कापला तो वेटिंगसाठी, अपॉइंटमेंट असूनही दर वेळी ताटकळत बसावं लागायचं, आधीच घाबरलेल्या माणसाला ते फार जड जातं.

जाणार असाल तर समोरची व्यक्ती सायकियाट्रिस्ट आहे किंवा आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्टर्ड क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे का ते बिनधास्त विचारा, कारण छोटासा कोर्स करूनही लोक हिप्नोथेरपिस्ट म्हणून बोर्ड लावतात. एका सेशनमध्ये भीती गायबची गॅरंटी देणाऱ्याकडे तर जाऊच नका. भास होणं, संशय येणं असा त्रास कधी झाला असेल तर आधी सायकियाट्रिस्टला दाखवा, आणि बीपी किंवा हार्टचा त्रास असेल, प्रेग्नंट असाल, तर स्नायू आवळायचा प्रकार आपल्या डॉक्टरांना विचारूनच करा.